दोन इंजिनं, तरी अपघात का? : वाचकांचे प्रश्न

लहान दुहेरी इंजिनाच्या विमानांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न यंदा निवडले आहेत. 'लहान' म्हणजे पाच-दहा माणसं बसतील असं, पिस्टन इंजिनाचं किंवा टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणारं. जेटचं गणित वेगळं, ते यात धरलेलं नाही. विमानात वेग नॉटमध्ये आणि उंची फुटांत मोजतात, म्हणून तीच मापं ठेवली आहेत. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.

प्रश्न : एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं असतंच, म्हणजे निम्मी ताकद शाबूत. मग ही विमानं पडतात कशी? (निवृत्त शिक्षक, सातारा)

निम्मी ताकद उरते हे खरं, पण वर चढण्याची क्षमता निम्मी उरत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

पायपर सेमिनोल हे प्रशिक्षणात सर्रास दिसणारं विमान घ्या. १८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, पूर्ण भरल्यावर वजन ३,८०० पौंड, म्हणजे १,७२४ किलो. दोन्ही इंजिनं चालू असली की समुद्रसपाटीला ते मिनिटाला साधारण १,३०० फूट चढतं. एक बंद पडलं की हा आकडा दोनशेच्या आसपास येतो. निम्मा सोडाच, जेमतेम सहावा हिस्सा.

ढोबळ हिशेब मांडून बघा. एकूण ३६० अश्वशक्तीपैकी प्रोपेलरमधून प्रत्यक्ष कामाला येते ती पाऊण, म्हणजे २७०. एवढं वजन मिनिटाला १,३०० फूट उचलायला लागते १५०. उरलेली १२० नुसता हवेचा विरोध कापत त्याच उंचीवर उडत राहण्यात जाते. आता एक इंजिन गेलं. हातात आली १३५. त्यातले १२० चुकत नाहीत, उलट वाढतात, कारण बंद इंजिनाचा पंखा हवा अडवतो आणि तिरकं झालेलं विमान आणखी अडवतं. शिल्लक किती, तर फार तर पंधरा. पगार निम्मा झाला आणि घरभाडं, हप्ते, किराणा तेवढाच राहिला, तर शिल्लक निम्मी होते का? जवळजवळ संपतेच.

बहुतेकांना ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट. मोठ्या प्रवासी विमानाला नियमच असा आहे, की धावपट्टीवर ठरावीक वेगानंतर एक इंजिन गेलं तरी ते उडून वर चढलंच पाहिजे. लहान विमानांना तशी सक्ती नव्हती. अमेरिकेत कित्येक दशकं चाललेल्या नियमांत, ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि उतरतानाचा स्टॉलचा वेग (ज्याच्याखाली पंखांची उचल कोसळते तो) ६१ नॉटच्या आत असलेल्या विमानाने एका इंजिनावर किती चढतं किंवा किती खाली येतं एवढं मोजून पुस्तकात छापायचं होतं. आकडा उणे आला तरी चाले. आज उडणारी बहुतेक पिस्टन विमानं त्याच काळातली आहेत.

प्रश्न : प्रत्यक्षदर्शी सांगतात, 'विमान कलंडलं आणि उलटं होऊन पडलं'. इंजिन बंद पडलं तर विमान तरंगत खाली यायला हवं ना? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कराड)

एका इंजिनाचं विमान तसं येतं, कारण इंजिन नाकावर असतं. ते थांबलं तर विमानाला वळवणारं काही उरत नाही. दुहेरी विमानात इंजिनं पंखांवर, मध्यापासून दूर. डावं थांबलं आणि उजवं पूर्ण जोरात चालू राहिलं, की विमानाचं नाक डावीकडे फिरतं. बैलगाडीचा एक बैल बसला आणि दुसऱ्याने ओढत ठेवलं तर गाडी जशी वळेल, अगदी तशी. नाक फिरलं की उजवा पंख हवेत पुढे जातो, त्याला जास्त उचल मिळते आणि विमान डावीकडे कलंडायला लागतं.

हे थांबवायला एकच साधन असतं, शेपटीचा रडर, म्हणजे पायाने फिरवायचं उभं सुकाणू. पण रडरचा जोर वाऱ्यावर असतो. वेग कमी म्हणजे रडर दुबळा. एका वेगाखाली पाय पूर्ण दाबला तरी नाक फिरायचं थांबत नाही. या वेगाला व्हीएमसी, म्हणजे ताबा राहण्याचा किमान वेग, म्हणतात आणि वेगमापकावर त्याची लाल रेघ असते. तिच्या वर निळी रेघ असते. एका इंजिनावर सर्वांत जास्त चढाई मिळते ती त्या वेगाला. सेमिनोलची लाल रेघ ५६ नॉटला, निळी ८८ नॉटला.

आता फसगत कशी होते बघा. लाल रेघेचा वेग कारखान्याच्या चाचणीत काढताना विमान चालू इंजिनाच्या बाजूला ५ अंशांपर्यंत झुकवायची मुभा असते. वैमानिकाने सवयीने पंख सपाट ठेवले तर, अमेरिकन विमान प्रशासनाच्या पुस्तिकेनुसार, झुकाव दर अंशाने कमी झाला की ताबा सुटण्याचा वेग ३ नॉट किंवा त्याहून जास्त वाढू शकतो. पाच अंश म्हणजे पंधरा नॉट. रेघ ५६ ला आणि खरा धोका सत्तरीत. सेमिनोल जमीन सोडतं तेच मुळी ७५ नॉटच्या सुमारास. मग उरला किती अवसर?

वेग घटतो का, तर घाबरलेला माणूस जमीन जवळ दिसली की नाक वर ओढतो. चढाई मुळातच नाही, त्यात नाक वर, म्हणून वेग निळ्यावरून लालकडे घसरतो. तिथे विमान कलंडतं, खालचा पंख स्टॉल होतो, आणि तीनशे-चारशे फुटांवरून सावरायला जागा नसते. उपाय मनाविरुद्धचा आहे. चालू इंजिनाची ताकद कमी करायची आणि नाक खाली घालायचं. त्याने विमान शेतात उतरेल कदाचित, पण सरळ उतरेल. सरळ, ताब्यात असलेलं विमान जमिनीला टेकलं तर माणसं वाचण्याची शक्यता असते. उलटं झालेल्यात ती जवळजवळ नसते.

प्रश्न : डावं इंजिन जाणं जास्त वाईट, असं ऐकलं. खरं का? (भुसावळ)

दोन्ही पंखे वैमानिकाच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर हो. चढताना प्रत्येक पंख्याचं खाली येणारं, म्हणजे उजवीकडचं पातं जास्त ओढतं. त्यामुळे उजव्या इंजिनाची ओढ मध्यापासून आणखी दूर सरकते आणि डावं गेलं की नाक जास्त जोराने फिरतं. हे टाळायला सेमिनोलसारख्या विमानांत दोन पंखे विरुद्ध दिशांनी फिरतात, तिथे डावं-उजवं सारखंच. पायपरच्याच ट्विन कोमांचेला हा धडा महागात पडला. १९६० च्या दशकात तिचे प्रशिक्षणातले अपघात इतके झाले, की लाल रेघ ताशी ८० मैलांवरून ९० वर न्यावी लागली. पुढचं मॉडेल उलटसुलट पंख्यांचं आलं.

प्रश्न : मुलगी वैमानिकाचं प्रशिक्षण घेते आहे, आता दुहेरी इंजिनाचा टप्पा आहे. इंजिन गेल्यावर त्यांना नेमकं काय करायला शिकवतात? आणि शिकवतानाच अपघात होतात म्हणतात, ते का? (एक आई, नागपूर)

आधी जमिनीवरचं. प्रत्येक उड्डाणापूर्वी तोंडाने बोलून ठरवायचं : चाकं जमिनीवर असताना इंजिन गेलं तर दोन्ही थ्रॉटल (ताकद कमीजास्त करायचे दांडे) बंद, ब्रेक. हवेत आहोत, पण चाकं खाली आणि पुढे धावपट्टी शिल्लक, तरीही दोन्ही बंद, परत उतरायचं. चाकं वर घेतली आणि विमान निळ्या रेघेवर चढतंय, तरच पुढे जायचं. चढत नसेल तर समोर दिसेल त्या मोकळ्या जागी सरळ. हे बोलणं पोपटपंची वाटतं, पण इंजिन गेल्यावर विचार करायला वेळ नसतो, ठरलेलं आठवायला मिळालं तर पुष्कळ.

हवेत गेलेल्या इंजिनासाठी क्रम असा. रडर दाबून नाक सरळ, वेग निळ्या रेघेवर. मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), प्रोपेलर आणि थ्रॉटल या तिन्हींचे दांडे दोन्ही इंजिनांसाठी पूर्ण पुढे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर, चाकं वर. मग ओळख : कोणता पाय मोकळा आहे? नाक सरळ ठेवायला उजवा पाय दाबावा लागत असेल तर डावा मोकळा, म्हणजे डावं इंजिन गेलेलं. मग खातरजमा : त्या बाजूचा थ्रॉटल सावकाश मागे घ्यायचा. विमानात काही फरक पडला नाही तर ओळख बरोबर. त्यानंतरच त्याचा प्रोपेलर फेदर करायचा, म्हणजे पात्यांची धार वाऱ्यासमोर आणायची (रचना पुढच्या प्रश्नात). घाई करायची नसते ती याच ठिकाणी.

शिकवताना अपघात होतात कारण इंजिन 'गेल्याचं' सोंग फार खाली घेतलं जातं, किंवा विद्यार्थी उलटा पाय दाबतो आणि शिक्षक क्षणभर उशीर करतो. लाल रेघेजवळचा सराव जमिनीपासून किमान ३,००० फुटांवर संपला पाहिजे, असा अमेरिकन परीक्षेचा दंडक आहे. तो सरावालाही लावावा. जमिनीजवळ इंजिन खरोखर बंद करायचं नाही. थ्रॉटल मागे घेऊन, फेदर केल्यावर असतो तेवढाच विरोध येईल इतकी ताकद ठेवायची. आईने मुलीला एवढंच विचारावं : तुमच्याकडे हा सराव किती उंचीवर करतात? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचा प्रश्न शाळेला.

प्रश्न : फेदर म्हणजे नेमकं काय होतं? आतली रचना सांगा. (डिझेल मेकॅनिक, इचलकरंजी)

पंख्याची पाती आपल्या मुळाशी फिरू शकतात. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फुकट फिरत राहतो आणि एखाद्या थाळीसारखा हवा अडवतो. पाती फिरवून त्यांची धार वाऱ्यासमोर आणली की पंखा थांबतो आणि विरोध एकदम उतरतो. याला फेदर म्हणतात.

पिस्टन दुहेरी विमानांत पाती सपाट ठेवायचं काम इंजिनाच्या तेलाचा दाब करतो. फेदरकडे ढकलायला हबमध्ये, म्हणजे पंख्याच्या मधल्या तुंब्यात, स्प्रिंग, दाबलेला नायट्रोजन किंवा पात्यांच्या मुळाशी वजनं असतात. दांडा मागे ओढला की तेल परत इंजिनात जातं आणि स्प्रिंग-नायट्रोजनचं राज्य सुरू होतं. तेलाचा दाब आपोआप गेला तरी पंखा फेदरकडेच जातो, हे चांगलं.

पण मेख आहे. रोज जमिनीवर इंजिन बंद करताना पंखा फेदर होऊन बसू नये म्हणून हबमध्ये खुंट्या असतात. फेरे ठरावीक आकड्याखाली आले की केंद्रोत्सारी जोर कमी होऊन स्प्रिंगने त्या आत सरकतात आणि पाती अडकवतात. सेमिनोलमध्ये हा आकडा मिनिटाला ९५० फेरे. म्हणजे इंजिन जाम व्हायला लागलं, फेरे उतरत गेले आणि वैमानिक थांबला, तर नंतर दांडा ओढून काही उपयोग नाही. पाती सपाटच राहणार. नायट्रोजन गळून दाब कमी झाला असेल तर फेदर व्हायला वेळही लागतो. म्हणून उड्डाणापूर्वीच्या तपासणीत दांडा क्षणभर मागे ओढून फेरे उतरतात का, हे बघतात. ही चाचणी टाळू नये.

प्रश्न : चुकीचं इंजिन बंद करण्याइतका गोंधळ खरंच होतो? (बेळगाव)

होतो, आणि मुरलेल्या हातांकडूनही. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग ७३७ च्या वैमानिकांनी बिघडलेल्या इंजिनाऐवजी चांगलं बंद केलं, ४७ जण गेले. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत एटीआर-७२ चं तेच झालं, ४३ गेले. ही विमानं मोठी होती आणि आत दोन-दोन वैमानिक होते. लहान विमानात बहुधा एकच असतो. ३० जून २०१९ ला टेक्सासमध्ये ॲडिसन इथे किंग एअर ३५० च्या डाव्या इंजिनाची ताकद उड्डाणातच कमी झाली. दाबायला हवा होता उजवा पाय, आधी दाबला गेला डावा. विमान हँगरवर पडलं, दहाही जण गेले.

प्रश्न : पुण्यात मे महिन्यात अशी विमानं उडवणं जोखमीचं असतं का? (सिंहगड रस्ता, पुणे)

आकड्यांनीच बोलू. पुण्याच्या विमानतळाची उंची १,९४२ फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान साधारण ११ अंश सेल्सिअस धरतात. दुपारी पारा ४० वर असला तर फरक २९ अंशांचा. हवा तापली की विरळ होते, जणू उंची वाढली; दर अंशाला सुमारे १२० फूट या वैमानिकी हिशेबाने २९ × १२० = ३,४८०. त्यात १,९४२ मिळवा. विमानाच्या लेखी धावपट्टी ५,४०० फुटांवर आहे.

आता सेमिनोलचं पुस्तक उघडा. पूर्ण वजनात एका इंजिनावर ते मिनिटाला निदान ५० फूट चढू शकतं ते ३,८०० फुटांपर्यंत. ५,४०० त्याच्या बरंच वर. अर्थ असा, की भर दुपारी पुण्याहून पूर्ण वजनाने निघालेल्या सेमिनोलचं इंजिन धावपट्टी सोडताच गेलं, तर वैमानिकाने सगळं अचूक केलं तरी विमान चढणार नाही, हळूहळू खालीच येईल. टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) असलेली विमानं इथे बरी, कारण विरळ हवेत त्यांची ताकद तितकी घटत नाही. साध्या पिस्टन इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते.

उपाय साधा आणि कंटाळवाणा : पहाटे निघा, टाकी गरजेपुरतीच भरा, एखादा माणूस कमी घ्या. आणि उड्डाणाआधी स्वतःशी कबूल करा, की आज चाकं उचलल्यानंतर इंजिन गेलं तर आपण एका इंजिनाच्या विमानात आहोत.

प्रश्न : इंधन संपून किंवा चुकीचं भरून दोन्ही इंजिनं बंद पडल्याचं वाचलं. एवढी साधी चूक कशी होते? (पेट्रोल पंपचालक, अहमदनगर)

तुमच्या पंपावर डिझेलच्या गाडीत पेट्रोल जातं, तसंच. पिस्टन विमानांना लागतं १०० ऑक्टेनचं ॲव्हगॅस, निळ्या रंगाचं. टर्बोप्रॉपला लागतं जेट इंधन, म्हणजे जवळजवळ रॉकेल, रंगहीन किंवा गवती पिवळं. गंमत अशी, की एकाच कंपनीची, बाहेरून जुळी वाटणारी दोन विमानं असतात, एक पिस्टनचं, एक टर्बाइनचं. भरणारा चेहऱ्यावरून ठरवतो. ५ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेतल्या इंडियानात कोकोमो इथे पायपर एरोस्टार या पिस्टन विमानात जेट इंधन भरलं गेलं आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते पडलं.

यात कपट असं, की इंजिन सुरू होतं. नळ्यांत आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनं ॲव्हगॅस असतं, तेवढ्यावर विमान धावपट्टीपर्यंत जातं. पूर्ण ताकदीला रॉकेल पोचतं तेव्हा ठिणगीची वाट न बघता सिलिंडरमध्ये स्फोट होऊ लागतात, पिस्टन वितळतात. दोन्ही टाक्यांत तेच, म्हणून दोन्ही इंजिनं एकदम. अशा वेळी दुसऱ्या इंजिनाचा उपयोग शून्य.

रोखायला ॲव्हगॅसच्या टाकीचं तोंड ६० मिलिमीटरपेक्षा मोठं नसतं आणि जेटच्या नळीचं तोंड बदकाच्या चोचीसारखं त्याहून रुंद असतं. बसत नाही म्हणून तिरकं धरून ओतलं, की सगळी तजवीज वाया. बसत नाही हीच धोक्याची घंटा आहे. शंका आली तर पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. ॲव्हगॅस उडून जातं, रॉकेलचा तेलकट डाग राहतो.

इंधन असून न मिळण्याचीही तऱ्हा आहे. सेस्ना ३१० मध्ये मुख्य टाक्या पंखांच्या टोकाला, राखीव टाक्या पंखात. इंजिनाचा पंप गरजेपेक्षा जास्त इंधन ओढतो आणि उरलेलं परत पाठवतो, ते कुठलीही टाकी वापरत असलात तरी मुख्य टाकीतच जातं. म्हणून पहिला तास ते दीड तास मुख्य टाकी वापरून तिच्यात जागा करायची असते. नव्या वैमानिकाने निघाल्या निघाल्या राखीव टाकी लावली, तर परतीचं इंधन भरलेल्या टाकीतून बाहेर सांडतं. कागदावर पाच तासांचं इंधन, हवेत चार तासांचंही नाही.

प्रश्न : गोंदियाला डीए-४२ हे दुहेरी इंजिनाचं विमान बघितलं. त्यात जेट इंधन चालतं आणि दांडेही कमी आहेत म्हणे. मग हे सगळे धोके गेले का? (गोंदिया)

काही गेले. डायमंड डीए-४२ ची डिझेल इंजिनं संगणकावर चालतात. प्रत्येक इंजिनाला एकच दांडा, मिक्श्चरची कटकट नाही, फेदर करायला इंजिनाचा स्विच बंद करायचा. पण संगणकाला वीज लागते. मार्च २००७ मध्ये जर्मनीत स्पायर इथे एका डीए-४२ ची बॅटरी उतरलेली होती. बाहेरची वीज जोडून एक इंजिन सुरू केलं, आणि पुस्तकाविरुद्ध दुसरंही तसंच. उड्डाण ठीक झालं. मग चाकं वर घ्यायचा खटका दाबला. हायड्रॉलिक मोटरने एकदम वीज खेचली, मेलेल्या बॅटरीला तो धक्का पेलला नाही, क्षणभर विजेचा दाब कोसळला. दोन्ही इंजिनांचे संगणक त्या क्षणी बंद झाले आणि दोन्ही पंखे फेदर झाले. नंतर इंजिनांच्या संगणकांना स्वतंत्र राखीव बॅटरी लावणं सक्तीचं झालं. धडा गाडीवाल्यांनाही कळेल : धक्का मारून सुरू झालेल्या गाडीची बॅटरी बरी झालेली नसते.

प्रश्न : माधवराव शिंद्यांच्या विमानाचं इंजिन बंद पडलं होतं का? (ग्वाल्हेरहून एक मराठी वाचक)

३० सप्टेंबर २००१ ला उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ पडलेलं ते विमान किंग एअर सी-९० होतं, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. आठही जण गेले. दिल्लीहून कानपूरला जाताना वाटेत वादळी, पावसाळी ढग होते. इंजिनावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की जीवघेण्या अपघातांतल्या पुष्कळशा विमानांची दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत नीट चालत असतात.

२२ डिसेंबर २०१५ ला दिल्लीहून रांचीला निघालेलं सीमा सुरक्षा दलाचं किंग एअर बी-२०० द्वारकेजवळ पडलं, दहा जण गेले. तपासात कारण निघालं ते असं : धुक्यात, जमीन सोडल्या सोडल्या, पुरेशी उंची गाठण्याआधीच ऑटोपायलट लावला, पण दिशा धरायचा मोड निवडला नाही. विमान डावीकडे झुकत गेलं, ते कुणी रोखलं नाही, आणि पूर्ण मागे फिरून ते खाली आलं. बाहेर क्षितिज दिसत नसलं की कानातला तोल खोटं सांगतो, सावकाश झुकणारं विमान सपाटच वाटतं. तेव्हा कृत्रिम क्षितिजाच्या यंत्राकडे बघून उडवावं लागतं. १६ ऑक्टोबर २००० ला अमेरिकेतल्या मिसूरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहन यांच्या सेस्ना ३३५ मध्ये डावीकडचं तेच यंत्र बिघडलं होतं. रात्र, ढग, हेलकावे, आणि वैमानिकाला मान वळवून उजवीकडचं यंत्र बघायचं. ताबा गेला.

मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावर २१ फेब्रुवारी २०१७ ला किंग एअर बी-२०० उडताच डावीकडे ओढत बाजारसंकुलावर पडलं, पाच जण गेले. इंजिनं चालू होती. तपास अहवालानुसार रडरचा ट्रिम (रडर एका बाजूला धरून ठेवायची जुळणी) पूर्ण डावीकडे फिरवलेला राहून गेला होता. तपासणीच्या यादीत हा ट्रिम एकापेक्षा जास्त वेळा बघायचा असतो.

प्रश्न : विमान जळून गेल्यावर हे सगळं कळतं कसं? लहान विमानांत ब्लॅक बॉक्स असतो का? (रत्नागिरी)

हलक्या विमानांना, विशेषतः ५,७०० किलोखालच्या जुन्यांना, तो बहुधा सक्तीचा नसतो. मग लोखंड वाचावं लागतं. जोरात फिरणाऱ्या पंख्याची पाती पुढे वळतात, पिळतात आणि टोकाला ओरखडतात. थांबलेल्याची सरळ किंवा नुसती मागे वाकतात. आपटताना हबमध्ये पात्याच्या मुळाने खूण पाडलेली असते, तिच्यावरून फेदर झालं होतं की नाही हे कळतं. इशाऱ्याच्या दिव्याची तार गरम असताना आदळली तर ताणली जाते, थंड असेल तर तुटते. म्हणजे दिवा पेटलेला होता की नाही ते सापडतं. एसेंडनचा ट्रिमही शेपटीतल्या स्क्रूच्या लांबीवरूनच कळला.

प्रश्न : कामानिमित्त आम्ही चार-पाच जण भाड्याने लहान विमान घेतो. प्रवाशाच्या हातात काही आहे का? (उद्योजक, कोल्हापूर)

बरंच आहे. पहिलं, वजन खरं सांगा. चारचौघांत लाजून दहा-दहा किलो कमी सांगितले आणि सामान 'हातातलंच' म्हटलं, तर पाच जणांत शंभर किलोचा घोळ सहज होतो. २५ ऑगस्ट २००१ ला बहामात मार्श हार्बर इथे गायिका आलियाचं सेस्ना ४०२ उडताच पडलं, नऊ जण गेले. विमान कमाल वजनापेक्षा सुमारे ७०० पौंड जड होतं आणि भार मागे गेलेला होता. मागे गेलेला भार जास्त वाईट. विमानाचं नाक आपोआप वर जातं, आणि दुहेरी विमानात रडरची तरफ आखूड होऊन ताबा सुटण्याचा वेगही वाढतो. म्हणून जड बॅगा शेवटच्या सीटमागे कोंबू देऊ नका, वैमानिक सांगेल तिथेच ठेवा.

दुसरं, दोन वैमानिक मागा, विमान एकाने उडवायची परवानगी असलं तरी. तिसरं, कंपनीकडे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना आहे का आणि हेच विमान त्यात आहे का, हे विचारा. खासगी नोंदणीचं विमान भाड्याने देता येत नाही.

चौथं, पोचायच्या जागी धुकं असेल तर 'बघू, जाऊन तर पाहू' असा आग्रह धरू नका. फॉर्म्युला वनचा जगज्जेता ग्रॅहम हिल २९ नोव्हेंबर १९७५ ला स्वतः पायपर अझ्टेक चालवत, आपल्या संघाला घेऊन, लंडनजवळच्या एल्स्ट्रीला धुक्यात उतरायला गेला. झाडांना आदळून सहाही जण गेले. सभा दुपारी तीनला असेल तर सकाळी निघा, आणि परतीची वेळ वैमानिकाला सांगताना 'जमलं तर' हे शब्द जोडा. कोल्हापूरहून निघताना गाडीचा ड्रायव्हरही तयार ठेवा. तो हाताशी असला की वैमानिकाला 'आज नको' म्हणणं सोपं जातं.